कपाटं हलवणाऱ्या आजीची नात

वसतिगृह, ४ ऑगस्ट

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

धावणं बरं चाललंय, गणितही. अडलंय ते भलतीकडेच. लष्करी अधिकारी घडवणाऱ्या कॉलेजची शिष्यवृत्ती हवी तर आधी निवड-शिबिर. तिथे सगळ्यांनी मिळून ओंडका आणि पिंप खंदकापलीकडे न्यायचं, आणि एकाने पुढारी व्हायचं. काल सरावात माझी पाळी होती. मी ओंडका खांद्यावर घेतला आणि एकटीनेच ओढत नेला. सर म्हणाले, छान, हमाल म्हणून घेतील तुला. सगळे हसले. शिष्यवृत्ती हुकली तर आपल्याला ते कॉलेज परवडायचं नाही. लोकांची घरं हलवणाऱ्या बाईची नात मी, आणि मलाच हे जमू नये?

माया असू दे.
तुझी भिंगरी

घर, ९ ऑगस्ट

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

हमाल म्हटलं म्हणून फुरंगटतेस कशाला? हमालांच्याच जिवावर वाढलीस. तुझं चुकलं ते वेगळंच. खांद्यावर ओझं असलं की पुढची पायरी दिसत नाही. म्हणून मी कपाटाला हात लावत नाही. जिन्याच्या वळणावर उभी राहते आणि ओरडते. हाक नावाने मारायची नाही, दुर्गुणाने मारायची, म्हणजे लगेच ऐकू जाते. तूही तसंच कर. आणि अंगावर जरा मांस चढव, फोटोत खराट्यासारखी दिसतेस.

तुझी आजी

वसतिगृह, १६ ऑगस्ट

ती. आजीस सा. न.

तुझं ऐकलं आणि तोंडघशी पडले. हात मोकळे ठेवून बाजूला उभी राहिले, इथवर ठीक. मग एकाला म्हटलं, ढेरपोट्या, डावीकडे हो. एकीला म्हटलं, झोपाळू म्हशी, दोर धर. म्हैस रडायला लागली आणि ढेरपोट्याने दोर टाकून दिला. सरांचा शेरा : आवाज आहे, माणसं नाहीत. तुझी माणसं तुझं का ऐकतात गं? त्यांनाच विचारून कळव. शिबिर तोंडावर आलंय.

रागावलेली, तरी तुझीच,
भिंगरी

घर, २० ऑगस्ट

चि. भिंगरीस आशीर्वाद.

विचारलं. आधी कुणी तोंड उघडेना. मेल्यांना वाटलं, मी कुणाला तरी कामावरून काढतेय. शेवटी आपला म्हातारा हमाल बोलला. म्हणे, ते आरशाचं कपाट जिन्यात निसटलं तेव्हा घरमालक वरून धरा धरा करत होता आणि मी खालून सोडा सोडा. कपाटाचा भुगा झाला, पण ह्या म्हाताऱ्याचा पाय वाचला. तेव्हापासून माझ्या शिव्या कुणाला लागत नाहीत म्हणे. मला तर फक्त आरसा आठवतो, फार देखणा होता. यातून काय घ्यायचं ते तूच घे. उपदेश मला जमत नाही, हे तू दाखवून दिलंसच. पोटभर खाऊन जा.

तुझी आजी

वसतिगृह, २ सप्टेंबर

ती. आजीस सा. न.

शिबिर झालं. कुणाला नावं ठेवली नाहीत. गाठ मारता कुणाला येते, उंचीला कोण घाबरतं, हे आधी विचारून घेतलं. पिंप अर्ध्यावर गेलं, तेवढ्यात एका मुलाची बोटं ओंडक्याखाली सापडायला आली. मी सोडा म्हणून ओरडले. पिंप खंदकात. बाकी सगळ्यांची पलीकडे पोचली, आमचंच बुडालं. अधिकारी मान खाली घालून लिहीत राहिले. शिष्यवृत्ती मी घालवली बहुतेक. जाताना तो मुलगा मात्र पाचही बोटं दाखवत हात हलवून गेला. निकाल घरच्या पत्त्यावर येईल.

सांभाळून घे.
भिंगरी

घर, १९ सप्टेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पोस्टमन पाकीट घेऊन कामावरच आला. गिऱ्हाइकाचा सोफा रस्त्यात ठेवला होता, त्यावर बसून अक्षर अक्षर जुळवत मीच वाचलं. कुणाला हात लावू दिला नाही. तुला शिष्यवृत्ती मिळाली आहे. खाली कसलासा शेरा आहे, पण सगळी सरकारी भाषेतली जोडाक्षरं, आल्यावर तूच वाच.

मग माणसांवर ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. वाट बघून बघून मेल्यांनी कपाट आपलं आपणच वर नेलं. कोपरा खरवडला, तरी मी गप्प. घसा बसला होता. म्हाताऱ्याने तुला दुसरं काही कळवलं तर खरं मानू नकोस.

कॉलेजात जाण्याआधी घरी ये. लोभ आहे तेवढा पुरे, आणखी वाढवायला घरात जागा नाही.

तुझी आजी