बोटभर फट

आदरणीय साडूभाऊंना, धाकट्या साडूचा वाकून नमस्कार (कंबर साथ देते आहे तोवर वाकून घेतो). तुमचा गुडघा काय म्हणतो? अक्कांचा खोकला गेला का? आमची ही तुमच्याकडे येऊन राहिली आहे, ती नीट जेवते ना? कधी परतणार हे ती मला सांगत नाही, आणि विचारायची माझी छाती होत नाही. फोन केला असता, पण तुमचा फोन अख्ख्या जिन्याला ऐकू जातो आणि ही शेजारीच बसलेली असणार. म्हणून हे पत्र.

तिने तुम्हाला काय सांगितलं असेल ते असो, खरी हकीकत अशी. निवृत्त झाल्यापासून मी सुतारकाम शिकलो, हे तुम्ही जाणताच (तुमच्याकडचं स्टूल अजून डुगडुगतं का?). बाहेरच्या खोलीत लाकडी फळ्यांची जमीन करायचं मनात आलं. फळीला फळी अशी भिडवली की मधून मुंगीनं जायचं म्हटलं तरी अंग चोरावं. ही दारात उभी राहून म्हणाली, "अहो, भिंतीपाशी बोटभर फट ठेवा. लाकूड फुगतं." मी म्हणालो, "फट म्हणजे कामचुकारपणा! माझ्या हातून फट राहिली असं कुणी म्हणता कामा नये." आणि चारी भिंतींना फळ्या ठासून बसवल्या. जन्मभर कारखान्यात माल तपासला, साडूभाऊ. खोक्याला फट दिसली की ते परत पाठवायचं, एवढाच त्या शब्दाचा उपयोग मला ठाऊक.

मग आठवडाभर हवा दमट झाली. एके दुपारी आम्ही दोघं त्याच खोलीत बसलो होतो, आणि जमीन उठली. खोटं सांगत नाही, गाय बसल्या जागेवरून उठते तशी, सावकाश, कण्हत. मधोमध तंबू झाला. मी चहाचा कप हातात धरून नुसता बघत राहिलो. एवढी ताकद त्या गरीब फळ्यांत कुठे दडली होती? मी त्या उंचवट्यावर जाऊन उभा राहिलो. तो खाली गेला आणि दारापाशी दुसरा वर आला. आमचं दार आत उघडतं, म्हणजे उघडायचं. आम्ही कोंडले गेलो.

शेजारच्या शिंपीणबाई येईपर्यंत तासभर गेला, आणि त्या तासात ही जे बोलली ते तिने तुम्हाला सांगितलं नसेल. "या फळ्यांचं काय घेऊन बसलात? घरी बसायला लागल्यापासून तुम्ही मलाही असंच ठासून बसवलंय. भाजी चिरते तर शेजारी उभे. बहिणीशी बोलते तर मधे तोंड. माझे डबे लावून दिलेत, आता मला जिरं सापडत नाही. मी उठले नाही इतके दिवस, हेच नवल!" मी तंबूवर उभा होतो. शिंपीणबाईंनी खिडकीला शिडी लावली. ही खिडकीतून उतरली ती थेट तुमच्याकडेच आली (पिशवी बाईंनी भरून दिली).

ती गेल्यावर मी पटाशी घेतली आणि भिंतीच्या कडेकडेनं बोटभर लाकूड तासून काढलं. दुसरं काही केलं नाही. वजन ठेवलं नाही, खिळा मारला नाही. उंबऱ्यावर बसून राहिलो. हवा कोरडी होत गेली तसा तो डोंगर आपला आपण बसत गेला. मधूनच एखादी फळी 'टक' म्हणायची, की मी श्वास रोखायचा. शेवटी जमीन अशी सपाट झाली की तिच्यावर गोटी ठेवली तर हलेना. माझ्या अंगावर काटा आला, साडूभाऊ. मी राबून जे साधलं नाही, ते त्या बोटभर मोकळ्या जागेनं साधलं. जिला मी जन्मभर उणीव म्हणत आलो, ती फट म्हणजे लाकडाची श्वास घ्यायची जागा. एवढं कळायला मला म्हातारपण आणि एक खोली खर्ची घालावी लागली.

अक्कांना नमस्कार.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. : मी रोज दुपारी चष्मेवाल्या मित्राच्या दुकानात बसायला लागलो आहे. दिवे लागल्यावरच घरी येतो. हे तिच्या कानावर सहज गेल्यासारखं घाला. मी लिहिलं म्हणून सांगू नका.

आणखी एक : पाकीट चिकटवणार तोच तिचा फोन आला. "जमीन बसली का?" बसली म्हणालो. "मग मी अजून पंधरा दिवस राहते." मी म्हणालो, "बरं." आणि जीभ दाताखाली धरली. मग म्हणाली, "नुसतं बरं? तब्येत ठीक आहे ना तुमची?" रविवारच्या गाडीनं येते आहे. तिला खिडकीची जागा बघून द्या.

शेवटचं : तुम्ही दोघंही तिच्याबरोबरच या, असं लिहिलं होतं. खोडलं आहे. महिन्याभरानं या.