टॉवेल मी धरणार नाही

रविवार, १२ जानेवारी १९९७, संध्याकाळी ७.४०

वेळ मुद्दाम लिहून ठेवतेय. उद्या कोणी नाकारायला नको. आज सात वाजून चाळीस मिनिटांनी मस्कतहून अभिनवचा फोन आला आणि माझ्या पोटच्या मुलाने माझा अपमान केला.

तो आणि त्याची बायको रसिका तिथे स्कूबा डायव्हिंग शिकलेत म्हणे. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघायचे. मेमध्ये रजेवर येतो, मग आपण गोव्याला जाऊ, तिथे हल्ली अशा बोटी मिळतात, म्हणाला. मी विचारलं, मी किती खोल जायचं? तर हसला. म्हणाला, तू कशाला खाली येतेस आई, तू बोटीवर बस टॉवेल धरून.

टॉवेल धरून! तेहतीस वर्षं मी विमा कंपनीच्या मरीन खात्यात होते. बुडालेल्या जहाजांचे क्लेम माझ्या सहीशिवाय पुढे जात नसत. समुद्राबद्दल मला कोणी शिकवू नये.

ठराव: बोट मी निवडणार. पाण्यात मी उतरणार. टॉवेल अभिनव धरणार.

मे नक्की, म्हणालाय. मागच्या तीन वर्षांत नाही जमलं त्याला, पण या वेळी स्वतःहून महिना सांगितला. हे लक्षात घेतलं पाहिजे.

सोमवार, २० जानेवारी

हरिश्चंद्रला ठराव वाचून दाखवला. त्याने पेपर खाली केला, मला पोहता येतं का विचारलं आणि पेपर वर केला. छत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला एवढंही माहीत नसावं. मी कपाटातून सर्टिफिकेट काढून समोर ठेवलं. स्विमिंग, फर्स्ट क्लास, १९५१, खाली सिस्टर फिलोमिनाची सही. तो येणार नाहीच. एलिफंटाच्या लाँचमध्ये याने एका जर्मन बाईच्या पर्समध्ये उलटी केली होती.

समोरच्या हंसाबेन मात्र येते म्हणाल्या. खाली उतरायला नाही, सोबतीला. तिकडे जैन जेवण मळेल ने, एवढंच विचारलं. मग त्यांच्या गावात मोठी वाव होती आणि लहानपणी त्या तिथे, अशी काहीतरी गोष्ट सुरू केली. काठेवाडच्या विहिरींसाठी मला वेळ नाही. थांबवलं.

गुरुवार, ३० जानेवारी

नवशिक्यांना नेणाऱ्या दोन कंपन्यांचे पत्ते मिळवले. दोघांना इंग्रजीत सविस्तर पत्रं टाकली. बोटीवर छप्पर आहे का? शिडी आहे का, आणि तिला कठडा आहे का? बाथरूमला कडी आहे का? एका शिक्षकामागे किती माणसं? शिक्षक घराण्याने कसा आहे?

हरिश्चंद्र म्हणाला, शेवटचा प्रश्न बोटीचा नाही, स्थळाचा आहे. दुर्लक्ष केलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सराव सुरू. आपल्या सी ब्रीझ सोसायटीत स्विमिंग पूल आहे. म्हणजे बिल्डरच्या ब्रोशरमध्ये निळाशार होता आणि त्यात एक बाई लाल टोपी घालून पोहत होती. त्या बाईकडे बघूनच मी गिरगाव सोडून मीरा रोडला आले. प्रत्यक्षात खड्डा आहे, फरशाही बसवल्यात. फक्त पाणी नाही. सध्या त्यात गणपतीच्या मांडवाचे बांबू आणि कोणाचा तरी कूलर आहे.

सेक्रेटरी जितेंद्रभाईंकडे गेले. म्हटलं, मे महिन्यापर्यंत पूल भरून हवाय. ते म्हणाले, मॅडम, यहाँ नहाने का पानी टँकर से आता है, आप तैरने का माँगती हो? मी म्हटलं, ब्रोशर दाखवू? म्हणाले, ब्रोशर में तो समंदर भी था.

होता. पाचव्या मजल्यावरून सी व्ह्यू. दिसतात मिठागरं.

काही बिघडत नाही. आम्ही कॉन्व्हेंटमध्ये पाण्याशिवायच पोहायला शिकलो. मुलींनी ओले कपडे अंगाला चिकटवून वावरणं सिस्टर फिलोमिनाला मान्य नव्हतं, म्हणून हॉलमध्ये बाकांवर पालथं झोपून हात-पाय मारायचे. ब्रेस्टस्ट्रोक, बॅकस्ट्रोक, सगळं. माझ्या पायांना हॉलमध्ये तोड नव्हती. पाया तिथे पक्का झाला. पाणी ही नंतरची गोष्ट आहे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सेटीवर पालथी झोपून अर्धा तास ब्रेस्टस्ट्रोक. उत्तम. शेवंती केर काढायला आली ती झाडू टाकून किंचाळत हरिश्चंद्रकडे धावली. बाईंना फिट आली म्हणून माझ्या नाकाला कांदा लावला.

बुधवार, ५ मार्च

श्वास रोखण्याचा सराव. बाल्कनीत पाण्याचा निळा ड्रम आहे, त्यात डोकं घालून राहायचं. छान जमत होतं. हरिश्चंद्र मागून ओरडला, अगं, ते प्यायचं आहे! त्या ओरडण्याने पाणी नाकात गेलं. माझ्या तंत्रात दोष नाही.

टँकर काल आला नाही, आजही नाही. शेवंतीने त्या ड्रममधल्या पाण्याचा चहा करायला नकार दिला. म्हणाली, आमच्या रत्नागिरीला म्हशी पण अशा करत नाहीत. करतात. मी पाहिल्यात.

रविवार, १६ मार्च

या आठवड्यात दोन्ही उत्तरं आली.

पहिल्या कंपनीचं पत्र म्हणजे बोटीच्या कठड्यावर कागद ठेवून लिहिल्यासारखं. मॅडमला पोहता येतं का, खऱ्या पाण्यात? आधी दोन दिवस सकाळी तलावात शिकवणार. डॉक्टरचा दाखला आणा. एका शिक्षकामागे दोनच माणसं. दोन पुरुष उंचीपेक्षा खोल नेणार नाही. आणि कोणाला खाली न्यायचं ते त्या दिवशी आम्ही ठरवू. आम्ही! शिवाय 'फेथफुली'त एक एल गाळलाय.

दुसऱ्या कंपनीचं पत्र साईच्या रंगाच्या जाड कागदावर. आपलं स्वागत करताना आम्हांला अत्यंत आनंद होईल, पूर्वानुभवाची आवश्यकता नाही. एकही आगाऊ प्रश्न नाही. माझ्याही प्रश्नांना उत्तरं नाहीत, पण सभ्य माणसं अशीच लिहितात. खाली सही: ए. रेबेलो, कॅप्टन.

हरिश्चंद्रने दोन्ही वाचली. मी तुझ्या जागी असतो तर पहिली घेतली असती, म्हणाला. तो माझ्या जागी असता तर लाँचच्या कठड्याशी वाकलेला असता. दुसरी घेतली. शनिवार, १० मे. तिघांचं बुकिंग: मी, अभिनव, हंसाबेन सोबतीला. रसिकाला ऊन सोसत नाही असं तिनेच कळवलंय.

संध्याकाळी अभिनवचा फोन. लाइन खराब होती. रजेचा अर्ज दिलाय, म्हणाला. मी तारीख सांगितली. बघतो, असं ऐकू आलं. लाइन खराब होती.

रविवार, ६ एप्रिल

फोन नाही. मीरा रोडचं एक्स्चेंज म्हणजे नुसता आनंद आहे. रिसीव्हर उचलून बघितला, डायल टोन होता. पण तो बाहेर जाणाऱ्या फोनचा. आत येणाऱ्याचं वेगळं असणार.

तीन टॉवेल आणले. माझा पांढरा, हंसाबेनचा गुलाबी, अभिनवचा निळा. त्याला लहानपणापासून निळा लागतो. दुसऱ्या कुठल्या रंगाने अंग पुसलं तर ओरडून चाळ गोळा करायचा.

रविवार, २७ एप्रिल

फोन आला. लाइन अगदी स्वच्छ होती.

मेमध्ये रसिकाचे आईवडील मस्कतला जाताहेत. महिनाभर. त्यांना सोडून येणं बरं दिसणार नाही. दिवाळीला नक्की, म्हणाला. वर म्हणाला, बरंच झालं आई, मेमध्ये गोव्यात काय उकडतं.

मी रिसीव्हर पुढे केला. परदेशातून फोनला त्याला फार पैसे पडतात. हरिश्चंद्रने रिसीव्हर घेतला, हो हो म्हणाला, ठेवला. मग स्वतः उठून चहा केला. तो असं करतो तेव्हा मला फार राग येतो.

बुकिंग रद्द करणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

रविवार, ४ मे

हंसाबेन भीत भीत विचारायला आल्या, आता आपण दोघीच? मी म्हटलं, तिघांचं बुकिंग आहे, तिघांचंच राहील. अभिनव शाळेत असताना एकदा सहलीला जात नाही म्हणून रडून झोपला आणि सकाळी बसमध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन बसला होता. त्याचा स्वभाव मला माहीत आहे. कोणाला न सांगता यायचं त्याला आवडतं. मस्कतहून गोव्याला असं किती लांब आहे?

हंसाबेन म्हणाल्या, हो ने, येशे. मग माझा हात धरून बसल्या. कारण नसताना.

शुक्रवार, ९ मे, लक्झरी बसच्या स्टॉपवर

बॅग हरिश्चंद्रने उचलून आणली. टॉवेल तीन घेतलेस, म्हणाला. मी म्हटलं, मोजायला येतं तुला, अभिनंदन. तो म्हणाला, सांभाळून, आणि बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. डिझेलच्या वासाने रंग पांढरा झाला होता. तरी उभा.

शनिवार, १० मे, गोवा

वस्तुस्थिती क्रमाने लिहितेय.

जेट्टीवर अभिनव नव्हता. मी पंधरा मिनिटं बोट थांबवून धरली. रेबेलो कॅप्टन नाही, कॅप्टन त्याचं आडनावासारखं टोपणनाव आहे. पत्र लिहिणारी त्याची बहीण, ती पणजीत शाळेत शिकवते. तो स्वतः अर्धी चड्डी घालतो आणि सगळ्यांना आंटी म्हणतो. छप्पर नाही. शिडी आहे, कठडा नाही. बाथरूमबद्दल लिहिणार नाही.

समुद्रात गेल्यावर म्हणाला, आंटी, आधी शिडीने उतरून त्या तरंगत्या बोयापर्यंत पोहून दाखवायचं, मग टाकी. हे पत्रात नव्हतं. मी म्हटलं, माझ्याकडे सर्टिफिकेट आहे. तो म्हणाला, समुद्राला कुठे वाचता येतं, आंटी?

उतरले. कमरेपर्यंत ठीक. मग सिस्टर फिलोमिनाने शिकवल्याप्रमाणे पालथी झाले. हातांचं बरोबर होतं. पायांचं बरोबर होतं. पोटाखाली बाक नव्हता.

रेबेलोने काखेत हात घालून वर काढलं. दुसऱ्यांदा उतरले. दुसऱ्यांदाही काढलं. लाटांचा दोष होता, हे बोटीवरच्या कोणीही सांगितलं असतं, विचारलं असतं तर. तिसऱ्यांदा मी शिडीवर पाय ठेवला तेव्हा तो मऊ आवाजात म्हणाला, पुरे आंटी. त्याच्या आवाजात हरिश्चंद्र होता.

मग हंसाबेनकडे वळून, तुम्ही, माई? हंसाबेनने माझ्याकडे बघितलं. मी जा म्हटलं, कारण मला वाटलं, आता बुडणारी मी एकटीच कशाला. त्या पंजाबी ड्रेसमध्ये शिडीवरून उतरल्या आणि गेल्या. सरळ, बोयापर्यंत आणि परत, डोकं वर ठेवून, रिक्षावाल्याशी भाव करत असल्यासारख्या. म्हणे वावेत सात भावांबरोबर उड्या मारायच्या. हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

त्यांच्या पाठीवर टाकी चढवली. रेबेलो त्यांचा हात धरून खाली गेला. जाताना मला म्हणाला, आंटी, तुम्ही टॉवेल धरून बसा, हां.

बसले.

पाणी हिरवं होतं. बुडबुडे येत होते, एकाच जागी. बाकी काही दिसलं नाही. गुलाबी टॉवेल हातात, पांढरा अंगावर, निळा मांडीवर. उन्हात निळा इतका तापला की आत कोणीतरी असल्यासारखा वाटला.

हंसाबेन वर आल्या तेव्हा रडत होत्या. एटला माछला, दुर्गाबेन, एटला माछला, आणि कोणी आवाज नहीं करतुं. मी त्यांचे केस पुसले. कोणीतरी पुसायलाच हवे होते.

रविवार, १८ मे

फोन नाही. हरिश्चंद्रला सांगून ठेवलंय, गोव्याचं विचारलं तर आईने डायव्हिंग केलं असं सांग. तो म्हणाला, विचारलं तर सांगेन.

पहिल्या कंपनीने तलावात शिकवलं असतं. हा मुद्दा मला मान्य नाही, फक्त नोंदवून ठेवतेय.

रविवार, २५ मे

फोन नाही. डायल टोन आहे. हंसाबेनच्या फोनवरून आमचा लावून बघितला. वाजला. समोरच्या उघड्या दारातून हरिश्चंद्र धावत आलेला दिसला, त्याने उचलला आणि मोठ्याने म्हणाला, बोल बेटा. मी ठेवून दिला.

गुरुवार, २९ मे

रेबेलोविरुद्ध तक्रारीचा मसुदा करायला बसले. शिडी, छप्पर, टोपणनाव. चार ओळींत संपला. रेबेलोशी माझं भांडण नाही. भांडण कोणाशी आहे ते १२ जानेवारीला वेळेसकट लिहून ठेवलंय.

तरी अभिनव यास कळवण्यात येते की, दिनांक १० मे रोजी तुझी जागा बोटीवर शेवटपर्यंत रिकामी ठेवण्यात आली होती. तुझा टॉवेल कोरडाच परत आला. त्याची घडीही मोडलेली नाही. दिवाळीला येणार असशील तर तो धुऊन, डांबराच्या गोळ्या घालून वर ठेवते. येणार नसशील तर हरिश्चंद्रला वापरायला काढते, त्याचा विरलाय. काय ते एकदा लेखी कळव. शनिवार, १४ जून १९९७, संध्याकाळी पाचच्या आत. दुसऱ्या दिवशी रविवार, टपाल नसतं. 'बघतो' हे उत्तर धरलं जाणार नाही. फोन चालणार नाही.