माझं मत कोणी टाकलं?

दोहा, अल नस्र. नोव्हेंबर २००६, रविवार

लिहितानाही पुन्हा पुन्हा बोटाकडेच बघतोय.

रास लफानच्या गॅस प्रकल्पावरून परतताना कंपनीच्या बसमध्ये मारिओ शेजारी होता, आमचा पेरूचा वेल्डिंग इन्स्पेक्टर. त्याच्या देशात आज प्रांतांच्या आणि नगरपालिकांच्या निवडणुका. बाहेरदेशी राहणाऱ्याला त्यात मत नाही, म्हणून स्वारी तोंड पाडून बसलेली. म्हणाला, "आमच्याकडे मत दिलं की बोट शाईत बुडवतात. माझं बोट यंदा कोरडंच."

मी आपली फुशारकी मारली. "आमच्याकडे बरं आहे. मी इथे असलो तरी गावात माझं मत पडतं. भाऊ दर वेळी फोनवर सांगतो."

तो माझ्या बोटाकडे बघत राहिला. "मग शाई कोणाच्या बोटाला लागते?"

सात वर्षं झाली इथे येऊन. हा प्रश्न मला एकदाही पडला नाही? की मीच पडू दिला नाही?

खोलीवर आल्या आल्या भावाला, सलीमला, फोन लावला. माझं मत कोण टाकतं रे?

तो हसायलाच लागला. "सरपंचाची माणसं टाकतात, भाई. तुझंच काय, अब्बांचं पण पडतं."

अब्बांना जाऊन चार वर्षं झाली. त्या सरपंचाशी जन्मभर भांडले. मतदानाला पहिला नंबर त्यांचा, आणि घरी आले की शाईचं बोट आम्हाला दाखवायचे.

आता दर निवडणुकीत त्यालाच मत देतात.