दयानंदला विरघळवण्याची योजना

३ जून, सकाळी ८
आजपासून सूड. शेषेराव मामांनी त्यांच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट माझ्याकडे दिली. तिच्यात माझाही बायोडाटा आहे आणि दयानंदचाही. हा तोच दयानंद, शिरूर अनंतपाळचा मास्तर. मागच्या वर्षी उदगीरच्या मुलीकडे माझ्या आधी पोहे खाऊन आला आणि वर सांगून आला, भागवत चांगला हाय, पन अजून सेटल न्हाई. अहमदपूरला स्टँडसमोर माझं स्वतःचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. अजून किती सेटल व्हायचं माणसानं?

५ जून
माझ्या पानाला ट्रान्झिशन टाकलं. आधीचं पान गरकन फिरतं, गुलाबाच्या पाकळ्या पडतात, पडदा सरकतो, मग मी. एकूण अकरा सेकंद. दयानंदच्या पानाला काहीच नाही. बोट लावलं की उघडतं, उघडंबोडकं. हीच त्याची लायकी.

६ जून
आई म्हणाली, तुझं पान उघडेस्तोवर माझं दूध उतू गेलं. आईचा मोबाइल जुना आहे.

९ जून
देगलूरकडच्या एका गावाहून पिराजीरावांचा फोन. त्यांची मुलगी तनुजा, नांदेडला लॅबमध्ये नोकरीला. तिचा फोटो पाहून मी दोनदा पाणी प्यालो. पिराजीराव म्हणाले, तुमचं पान कवापासून उघडून राहिलो, नुसत्या पाकळ्याच पडून राहिल्यात. शेजाऱ्याकडं कुण्या मास्तरचं मात्र झटक्यात उघडलं म्हणे.
पाकळ्या कमी कराव्यात असं क्षणभर वाटलं. पण मग दयानंद जिंकला.

९ जून, दुपारी
उपाय सापडला. दयानंदचं पान उघडलं की तीन सेकंदांनी तो हळूहळू विरघळेल आणि त्याच्या जागी मी येईन. आपोआप. दुकानात एकटाच मोठ्यानं हसलो.

१२ जून
पिराजीरावांचा पुन्हा फोन. रविवारी मुलगी पाहायला या. घरात समद्यांना मुलगा पसंत हाय, फोटो तर लई आवडला. सूड पुरा झाला. लग्नात दयानंदला शेवटच्या पंगतीला बसवणार.

१४ जून, रविवार, परतीच्या एसटीत
तनुजा पोहे घेऊन आली. माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. म्हणाली, अप्पा, हे ते न्हाईत.
तिच्या मावशीनं, रत्नम्मानं, मोबाइल पुढे केला. पाहुण्यांत फिरवायला त्यांनी पानाचा स्क्रीनशॉट काढला होता, नेमका विरघळताना. नाव माझं, शिक्षण माझं, नंबर माझा. तोंड दयानंदचं. गावात रेंज कमी, माझा फोटो वाटेतच अडकला होता. म्हणजे चूक रेंजची.
पिराजीरावांनी हात जोडले. म्हणाले, साइट तुमचीच हाय, ह्यो पोरगा कोन तेवढं काढून द्या. सोबत आलेल्या माझ्या आईसमोर नाही कसं म्हणू? काढून दिलं. तो विरघळायला तीनच सेकंद होते. तनुजानं तेवढ्यात नंबर उतरवून घेतला.
हुशार मुलगी. फार वाईट वाटलं.

२ जुलै
मंडळाचं पहिलं लग्न जमलं. मामा म्हणाले, भागवत, तुझ्या साइटमुळंच जमलं, रविवारी तुझा सत्कार ठेवलाय. शाल, नारळ. दयानंद-तनुजाच्या हस्ते.
स्पष्ट सांगितलं, मी येणार नाही. मामा म्हणाले, बॅनर लागलाय.
जाऊन पाहून आलो. स्टँडसमोरच आहे. माझा फोटो बरा आलाय.
जाईन. नारळ घेईन, पण त्याच्याकडे बघणार नाही.