पितळेतली सनावळी

तीर्थरूप पोपटमामांस,

दोह्याहून गजेंद्रचा नमस्कार. तो साष्टांग आहे असं समजावं (प्रत्यक्ष घालायला खोलीत जागा नाही, दोन पलंगांच्या मध्ये माझा खोलीसोबती कुणाल याची इस्त्रीची फळी कायमची उभी असते). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, मामींची शुगर किती आहे आणि त्या ती खरी सांगतात का, हे कळवावं. मी इकडे अल मुंतझा या वस्तीत खुशाल आहे. उन्हाळा चालू आहे, म्हणजे थंड पाण्याच्या नळाला गरम पाणी येतं आणि गरम पाण्याच्या नळाला कोणी हात लावत नाही.

पत्रास कारण तुम्हीच आहात. एकदा चहा पिताना मी मुदस्सिरभाईंसमोर (आमचे मॅनेजर, हैदराबादचे) बोलून गेलो की माझे मामा इतिहासाचे शिक्षक होते. आमची कंपनी हॉटेलांचं इंटिरिअर करते. त्यात इतिहासाचा संबंध टाइल्स जुन्या निघाल्या तरच येतो. पण गेल्या महिन्यात सैफ साहेबांनी (ते मालक) त्यांच्या नव्या चिनी रेस्टॉरंटचं काम दिलं आणि सांगितलं की आत शिरतानाच्या लांब भिंतीवर चीनचे सगळे राजवंश, सालांसकट, पितळी अक्षरांत हवेत, इंग्रजीत आणि चिनीत. टेबल मिळेपर्यंत गिऱ्हाइकाने चार हजार वर्षं वाचत उभं राहावं, अशी योजना. ऑफिसात या विषयाचं रक्त असलेला मी एकटाच निघालो. "तेरे तो घर में हिस्टरी है," मुदस्सिरभाई म्हणाले. नको म्हणता येईना, कारण माझं कॉन्ट्रॅक्ट या महिनाअखेरीस संपत होतं.

पहिल्या राजवंशाचं नाव शिया. मी फोनवर एका ओळखीच्याला मोठ्याने विचारत होतो, शिया कधी सुरू झाले, कधी संपले. मुदस्सिरभाईंनी मला जिन्याखाली नेलं आणि हलक्या आवाजात समजावलं की ऑफिसात मजहबचा विषय नको. हे चीनचं प्रकरण आहे हे त्यांना पटवण्यात एक दुपार गेली. मग मी इंटरनेटवरून सालं काढली. शिया इ.स.पू. २०७०, त्यांच्यानंतर शांग १६००, त्यांच्यानंतर झोऊ १०४६. किती गोल, किती सुबक. तुम्ही आम्हाला छडी घेऊन सनावळी पाठ करायला लावलीत, त्याचं आज सार्थक झालं असं वाटून मी अक्षरं कापायला पाठवली. ती भिंतीवर लागली आणि उद्घाटनापर्यंत त्यांवर प्लास्टिक ओढलं.

उद्घाटनाला सैफ साहेबांनी लिनबाईंना बोलावलं होतं. त्या इथल्या एका विद्यापीठात चीनचा इतिहास शिकवतात. त्यांना मजकूर ईमेलने पाठवला, तर उत्तर आलं की इ.स.पू. ८४१ च्या मागचं एकही साल खात्रीचं नाही, तेव्हा तिथे 'सुमारे' लिहा, नाहीतर मी येणार नाही. मी भेटायला गेलो. त्यांनी चहा दिला आणि मामा, तुम्हाला आवडेल असं बरंच सांगितलं. त्या जुन्या राजांनी लिहून ठेवलं नाही असं नाही. कासवाच्या कवचावर आणि बैलाच्या हाडांवर प्रश्न कोरलेत. पाऊस येईल का, राणीची सुटका नीट होईल का, राजाची दाढ कोणत्या पूर्वजाच्या कोपामुळे ठणकते. दिवसाचं नाव घातलंय, पण साठ दिवस झाले की तेच नाव पुन्हा येतं. साल बहुतेक ठिकाणी नाहीच. (दाढ कोणत्या वारी दुखली ते कळतं, कोणत्या शतकात ते कळत नाही.) एका जुन्या ग्रंथात म्हणे 'पहाट दोनदा झाली' असं आहे. त्यावरून पंडितांनी सूर्यग्रहण शोधलं, आणि मग ते कोणतं ग्रहण यावर भांडले. झोऊंनी शांगांना हरवलं त्या एका लढाईसाठी चाळीसच्या वर निरनिराळी सालं सुचवली गेली आहेत. शेवटी तिथल्या सरकारने दोनशे विद्वान बसवून सालं ठरवून घेतली. तीच माझी ती सुबक सालं. बाहेरच्या बऱ्याच विद्वानांना ती मान्य नाहीत.

मी सैफ साहेबांना 'सुमारे'बद्दल विचारलं. ते फार सभ्य माणूस आहेत. त्यांनी फक्त विचारलं, "राजा गादीवर सुमारे बसतो का?" तेवढ्यात हे मुख्य शेफच्या कानावर गेलं. शेफ चीनहून खास आणलेला, त्याच्यासाठी अख्खं स्वयंपाकघर बांधलेलं. त्याने ॲप्रन काढून टेबलावर ठेवला. शाळेत तो २०७० शिकला होता, त्याचा मुलगा २०७० शिकतो आहे, आणि भिंतीवर 'सुमारे' आलं तर तो सुमारे शांघायला जाणाऱ्या विमानात असणार होता. मुदस्सिरभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "ओपनिंग नहीं हुई, तो तुम्हारा कॉन्ट्रॅक्ट खलास." तर मामा, चार हजार वर्षांपूर्वी कोण कधी गादीवर बसलं यावर माझी नोकरी अडकली. असं भाग्य विद्वानांनाही लाभत नसेल.

मला एकच सुचलं. मी लिनबाईंना गाडीत घालून थेट स्वयंपाकघरात आणलं आणि शेफसमोर उभं केलं. दोघं चिनीत बोलू लागले. आधी हळू, मग मोठ्याने. शेफ झारा भांड्यावर आपटून बोलत होता, बाई बोटं मोजून. मला एक शब्द कळत नव्हता, पण आपल्याकडे बांधावरून भांडण चालतं तेव्हा जो सूर असतो तो बरोबर ओळखू आला. शेवटी दोघं तरातरा भिंतीकडे निघाले. मुदस्सिरभाईंनी भिंतीवरचं प्लास्टिक ओढून काढलं. दोघांनी माना तिरक्या केल्या. मग बाई हसू लागल्या, आणि शेफ झारा हातात घेऊन खालीच बसला.

पहिल्या तीन राजवंशांची चिनी अक्षरं उलटी लावली होती, पाय वर आणि डोकं खाली. आमच्या कंपनीत चिनी वाचणारं कोणी नाही. नंतरच्या राजांची कशी सरळ लागली, हा आमचा चमत्कार समजावा.

अक्षरं काढली तेव्हा प्लास्टर निघालं आणि भिंतीला भगदाडं पडली. दुरुस्तीला वेळ नव्हता. मी भीतभीत म्हटलं, मच्छीवाल्या भागासाठी मोठा फिश टँक आलाय, तो इथे ठेवू. ठेवला. आता भिंतीवरचा इतिहास ८४१ च्याही बराच पुढे, चौथ्या राजवंशाच्या इ.स.पू. २२१ पासून सुरू होतो आणि त्याच्या मागचं सगळं माशांच्या ताब्यात आहे. बाई खूश, कारण खात्री नसलेलं काहीच लिहिलेलं नाही. शेफ खूश, कारण तो प्रत्येक गिऱ्हाइकाला काच ठोकून २०७० सांगतो. सैफ साहेब सगळ्यांत खूश, कारण मुलं तिथून हलत नाहीत. माझं कॉन्ट्रॅक्ट आणखी दोन वर्षांसाठी वाढलं. मुदस्सिरभाई आता मला प्रोफेसर म्हणतात.

मामींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमचा,
गजेंद्र

ता. क. : वरचं सगळं तुम्हाला जरा मऊ करण्यासाठी लिहिलं. खरं काम हे आहे. कॉन्ट्रॅक्ट वाढल्यामुळे आईला दोन महिने इकडे आणायचं ठरवलंय. दोन वर्षांत तिच्या हातचं खाल्लेलं नाही आणि तिने समुद्र कधी पाहिलेला नाही. पण पासपोर्ट अडलाय. तिच्या आधारवर एक जन्मसाल आहे, रेशनकार्डावर दुसरं. शाळेच्या दाखल्यावर सगळ्या गावासारखी एक जून आहे, आणि तो दाखला खरा धरला तर ती तुमच्यापेक्षा फक्त चार महिन्यांनी धाकटी ठरते. आजीला हे कसं जमलं, याबद्दल मी आदराने गप्प आहे. घरात इतिहासाचे तुम्हीच. एक साल ठरवून, सही करून पाठवावं.

ता. क. २ : आईला आधी फोनवर विचारलं होतं. ती म्हणाली, "दादाला विचार. मी तेव्हा लहान होते." कागदोपत्री तुम्हीही तेव्हा चार महिन्यांचेच होता, पण आठवून पाहावं.