वरचा अर्थ

अण्णा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, आणि तेही इंग्रजीच्या आडून.

निजामाचं राज्य होतं. सेलूच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, सगळं उर्दूत चालायचं, इंग्रजी तेवढं तुम्ही शिकवायचात. तिथं मुलींना जागा नव्हती, म्हणून मला घरी चुलीपुढं शिकवलंत. आई भाकरी थापतेय, मी पाटावर बसून धडा वाचतेय. धड्यात मुसळधार पावसासाठी जे लिहिलं होतं त्याचं मी सरळ मराठी केलं, ‘आभाळातून कुत्री-मांजरं पडायलीत’, तर तुम्ही बोटांवर पट्टी मारलीत. "शब्दाला शब्द काय चिकटवायलीस? डोळा लागला म्हणतो आपण, तेव्हा डोळा कुठं जाऊन लागतो का? वरचा अर्थ सोड, आतला धर." आई म्हणाली, "लेकराला मारू नका हो. तिला पाऊस कळला की न्हाई?" त्यानंतर नवं काही दिसलं की मी आधी विचारायची, "अण्णा, वरचा का आतला?" आणि तुम्ही खूश व्हायचात. शेजारपाजारचे हसायचे, पोरीला साहेबाची भाषा कशाला म्हणून. तुम्ही कुणाला जुमानलं नाहीत. ते मी आजही नाकारत नाही.

आईला विषमज्वर झाला तेव्हा आपण तिला परभणीच्या दवाखान्यात नेलं. मी बारा वर्षांची. गोरी डॉक्टरीण आईची नाडी सोडून तुमच्याकडं वळते आणि म्हणते, "इट इज टच अँड गो." मला प्रत्येक शब्द कळला! जिवंत गोऱ्या माणसाच्या तोंडचं इंग्रजी मला पहिल्यांदाच कळलं होतं. मी तुमची बाही ओढून विचारलं, "अण्णा, वरचा का आतला?" तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. "वरचाच," म्हणालात. "आईला हात लाव अन् निघ. गाडीची वेळ व्हायलीय, घरी धाकटा एकटा हाय." मी आईच्या पायाला हात लावला. ती झोपेत होती. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांबरोबर मी सेलूला आले आणि धाकट्या भावाला सांगितलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भेटून जा, आई बरी होतेय. दोन दिवसांनी तुम्ही एकटेच परत आलात.

मी पुढं इंग्रजीचीच मास्तरीण झाले. एकदा वर्गात धडा शिकवताना तेच तीन शब्द समोर आले, आणि खाली बारीक अक्षरात अर्थ छापलेला: जगण्या-मरण्याची अगदी काठावरची अवस्था. पोरी वाट बघत होत्या आणि मी पुस्तक मिटलं. तुम्हालाही माहीत नसेल, अशी मी कितीतरी दिवस मनाची समजूत घातली. मग मामाला विचारलं. मामा म्हणाला, "दाजीनं त्याच दुपारी माणूस धाडला होता की. ताईचं काई खरं न्हाई, लगेच निघा म्हणले."

म्हणजे मामाला आतला अर्थ, आणि मला वरचा. लेकीनं आईचं मरण बघू नये असं तुम्हाला वाटलं असेल. वाटू दे. पण ती माझी आई होती, आणि ती शुद्धीवर आली तेव्हा तिनं ‘लेक कुठं हाय’ म्हणून विचारलं होतं, हेही मामानंच सांगितलं. साधं मराठीत ‘जा’ म्हणाला असतात तर मी रडले असते, पाय आपटले असते, कदाचित तुम्ही मला राहू दिलं असतंत. तुम्ही मला भांडायलासुद्धा जागा ठेवली नाहीत. ज्या एका गोष्टीत माझा तुमच्यावर डोळे झाकून विश्वास होता, तीच पुढं केलीत.

तुम्हाला जाऊन आता किती वर्षं झाली. हा कागद मी कुठं पाठवणार? पण लिहितेच आहे तर एक सांगते, आणि हे मी धाकट्यालाही कधी सांगितलेलं नाही. एवढा राग आईसाठी आहे असं मी सगळ्यांना भासवते. त्यातला निम्मा तरी, अण्णा, मी त्या दिवशी गाडीत बसून गोरीचं इंग्रजी कळल्याच्या आनंदात होते, म्हणून आहे.