वामनपुष्पाचा शोध

१० ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. कारण: शोध लागला. आर्णीकडच्या आमच्या शेतात, वरच्या मुरमाड पट्टीत, जिथे तूरसुद्धा रडतखडत येते, तिथे काट्यांवर एक वेल चढली आहे. फूल असं की पाहतच राहावं. खाली पिवळं, वर लालभडक, पाकळ्या चुलीतल्या जाळासारख्या वर वळलेल्या. आयुष्यात असं फूल पाहिलं नाही. (बायकोचं, म्हणजे विमलचं म्हणणं: दरवर्षी येते, तुम्ही वर कधी चढता?) नाव ठरलं, वामनपुष्प. वामनराव मीच असल्याने कोणाची हरकत नसावी.

११ ऑगस्ट, सकाळ
मोबाईलमध्ये फुलं ओळखणारं ॲप घेतलं. फोटो टाकला. ॲप म्हणतं, विषारी. कंदापासून बीपर्यंत सगळंच. ॲप परदेशी, त्याला यवतमाळच्या मुरमाचं काय कळणार?

दुपार
दुसऱ्या बाजूने फोटो. पुन्हा विषारी. रेंजचा प्रॉब्लेम. ॲप डिलीट.

१३ ऑगस्ट
विमलला फूल दाखवलं. धड न बघताच म्हणाली, अहो, हा तर खड्यानाग, माझ्या माहेरी ढाणकीले बकऱ्या बी याले तोंड लावत नाहीत. उत्तम! बकरी तोंड लावत नाही, म्हणजे बैलही लावणार नाही. म्हणजे बैलाच्या गळ्यात घालायला याच्याइतकं सेफ फूल दुसरं नाही. हे लॉजिक तिला पटलं नाही. शेवटी बी.ए. मी आहे.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन झालं. संकल्प: यंदा पोळ्यात बैलजोडी सजावटीचा पहिला नंबर आपला. दरवर्षी तांड्यावरचा फुलसिंग नेतो. त्याच्या आईने भरलेली आरशांची झूल, बैल चालला की लखलखते. झूल काय, कोणीही घालेल. वामनपुष्पाची माळ कोणाकडे आहे? फुलसिंगला मुद्दाम सांगितलं. तो म्हणाला, वामनभाऊ, ते फूल पाहाले चांगलं, जनावराच्या अंगावर कायले? मत्सर. शुद्ध मत्सर.

२१ ऑगस्ट, संध्याकाळ
उद्या पोळा. सर्जा आणि राजा, दोघांचे खांदे तूप-हळदीने मळले, जेवायचं आवतण दिलं. राजाने माझा हात चाटला. वासरू होता तेव्हापासून माझ्याच हातचं खातो.

माळ ओवली. राजा खोडकर, तो तोडेल, म्हणून सर्जाच्या गळ्यात घालणार. अडचण: फुलं कोमेजतात. उपाय स्वतः काढला, गुळाचं पाणी शिंपडलं. काय चकाकी आली! विमल म्हणाली, गोड लागलं तर चाटणार नाही का? मी म्हटलं, स्वतःच्या गळ्यातल्या माळेला जीभ पोहोचत नाही. ती चुलीकडे निघून गेली. जिंकलो.

२२ ऑगस्ट
तोरणाखाली जोड्या उभ्या. लोक थांबून माळ पाहत होते. फुलसिंगचा चेहरा उतरलेला. झडत्यांची गाणी सुरू झाली. मी हात वर करून, डोळे मिटून हर हर महादेव केलं. उघडले तर सर्जाच्या गळ्यात नुसता दोरा. शेजारी राजा जिभल्या चाटत उभा. दुसऱ्या बैलाची जीभ पोहोचते, हा मुद्दा विमलने काल मांडायला हवा होता.

२३ ऑगस्ट, सकाळ
काल पुढचं लिहिलं नाही. राजाच्या तोंडातून लाळ, मग हगवण, रवंथ बंद. बसला तो उठेना. पहिली लाळ दिसताच फुलसिंगने परीक्षक यायच्या आत आपली जोडी रांगेतून काढली आणि मोटरसायकलवर गुरांच्या डॉक्टर निशिगंधा मॅडमना घेऊन आला. नंबर तिसऱ्याच कोणाला गेला. मोठेपणा दाखवायची त्याला सवयच आहे.

मॅडमनी विचारलं, काय खाल्लं? मी म्हटलं, वामनपुष्प. त्या विमलकडे वळल्या. विमलने खड्यानाग म्हटल्यावर सलाईन लावली. विमल मला म्हणाली, काहून जीव घेता त्या मुक्याचा? राजाचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. फार भीती वाटली. मी रडलो असं ती सांगते. गोठ्यात धूर होता. धूर कुठून आला, असंही तिने विचारलं.

२५ ऑगस्ट
राजाने थोडं पाणी घेतलं. माझी भूमिका कायम: फूल निर्दोष, दोष गुळाचा. मुरमाड पट्टीतली वेल मात्र कंदासकट खणून खोल पुरली. हात धुतले. दोनदा. ॲपच्या सांगण्यावरून नाही.

२८ ऑगस्ट
राजा उठला! रवंथ सुरू. मॅडम म्हणाल्या, आता खाऊ द्या. सरकीची ढेप घेऊन मीच धावलो. तुकडा तळहातावर धरला. राजाने वास घेतला. पुन्हा घेतला. मग मान वळवून विमलकडे पाहिलं. तिने तो तुकडा माझ्या हातातून आपल्या हातात घेतला, तेव्हा त्याने खाल्ला. तोच तुकडा.

बैलाला पारख आली आहे. कोणामुळे आली, हे या घरात कोणी कबूल करणार नाही.